जबड्याचं ऑपरेशन: त्यानंतरच्या सहा आठवड्यांची तयारी

प्रश्न: ताई, मी चोवीस वर्षांची आहे. मिरजेत राहते आणि एका क्लासमध्ये गणित शिकवते. माझा खालचा जबडा पुढे आहे. समोरचे दात एकमेकांवर बसत नाहीत, त्यामुळे भाकरीचा तुकडा दातांनी तोडताच येत नाही. ‘स’ आणि ‘श’ नीट उमटत नाहीत. दीड वर्षापासून तारा लावल्या आहेत आणि डिसेंबरमध्ये पुण्याला दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन ठरलंय. पण तारा लावल्यापासून जबडा आणखीच पुढे दिसायला लागलाय. आपण फसलो की काय, असं वाटतं. सहा आठवडे काही चावायचं नाही म्हणतात, मग खायचं काय? ओठ कायमचा बधिर होतो का? आई रोज रडते. आत्या म्हणते, देवानं दिलेलं तोंड कशाला कापून घ्यायचं? त्यात बाबांनी फेब्रुवारीत एका स्थळाला घरी बोलावलंय. मी तयारी काय करू? आणि नंतर मी मीच दिसेन ना?

उत्तर: आधी ती फसल्याची भीती मनातून काढून टाक, बाळा. तू फसलेली नाहीस. जबड्याची ठेवण चुकली की दात वर्षानुवर्षं ती झाकायला बघतात. तुझ्यासारख्या ठेवणीत खालचे दात आत जिभेकडे कलतात, वरचे पुढे ओठाकडे झुकतात आणि हाडातलं खरं अंतर थोडं लपून जातं. ऑपरेशनआधीच्या तारांचं काम या झुकलेल्या दातांना आपापल्या हाडावर सरळ उभं करण्याचं असतं. ते झालं की लपलेलं सगळं अंतर उघड्यावर येतं. तसं झालं नाही तर सर्जनला जबडा हवा तेवढा हलवताच येत नाही, कारण दात मध्ये आडवे येतात. म्हणजे ऑपरेशनच्या तोंडावर चेहरा सगळ्यात नकोसा दिसतो, याचा अर्थ तारांनी आपलं काम चोख केलंय. तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवं असतं. गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं आणि तुझ्यासारख्या मुली दीड वर्ष आरशाला घाबरत राहतात.

मी आयुष्यभर मुख-जबडा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होते. किती मिलिमीटर हलवायचं, कुठली प्लेट लावायची, हे तुझे डॉक्टर ठरवतील आणि त्यात मी शब्दही बोलणार नाही. पण एक गोष्ट मी पुनःपुन्हा पाहिली आहे. ऑपरेशन थिएटरमधले तीन-चार-पाच तास पेशंट भुलेत असतो, त्याला काहीच कळत नाही. कस लागतो तो घरी आल्यानंतरच्या सहा आठवड्यांत. ज्या घराने हे दिवस आधी विचारात घेतलेले असतात, तिथला पेशंट निभावून नेतो. जिथे सगळं लक्ष फक्त ऑपरेशनच्या तारखेकडे असतं, तिथे दुसऱ्याच आठवड्यात रडारड सुरू होते. म्हणून मी तयारी सांगणार आहे ती मुख्यतः घरातली.

तरी ऑपरेशनबद्दल दोन गोष्टी, आत्याला सांगता याव्यात म्हणून. कापाकापी तोंडाच्या आतून होते, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. कधी स्क्रू बसवायला गालावर अगदी बारीक छेद द्यावा लागतो, तेवढाच. वरचा जबडा हिरडीच्या वरच्या बाजूने सोडवतात. त्या कापाला ‘ल फोर्ट’ म्हणतात. चेहऱ्याची हाडं मार लागल्यावर कुठल्या रेषांवर तुटतात, हे रेने ल फोर्ट या फ्रेंच सर्जनने 1901 मध्ये मांडलं. त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेवरून सर्जन मुद्दाम काप घेतात. खालच्या जबड्याची पद्धत सर्जन ह्यूगो ओबवेगेसर यांनी 1950च्या दशकात रुळवली. तीत दाढांच्या मागचं हाड उभं चिरून त्याचे दोन पापुद्रे वेगळे करतात, दातांचा भाग मागे सरकवतात आणि टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा-स्क्रूंनी बसवतात. त्या प्लेटा बहुतेकांच्या आयुष्यभर तशाच राहतात. काही त्रास झाला तरच काढतात. प्लेटा नव्हत्या त्या काळी वरचे-खालचे दात तारेने सहा आठवडे घट्ट बांधून ठेवत. तोंड शिवून टाकतात अशा ज्या गोष्टी आत्याने ऐकल्या असतील, त्या तेव्हाच्या. आता बहुतेक ठिकाणी वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये प्लास्टिकची स्प्लिंट, म्हणजे दात जागेवर बसवणारी पट्टी, आणि बाजूंना बारीक रबरं असतात. तोंड थोडं उघडतं, बोलता येतं. काही सर्जन पहिले काही दिवस घट्ट ठेवतात. तुझं कसं ठेवणार, हे आजच विचारून घे, कारण जेवणाचं सगळं गणित त्यावर आहे.

आता हातात आहेत ते महिने. हिमोग्लोबिन लगेच तपासून घे. आपल्याकडच्या मुलींचं ते कमी असतं, आणि दोन्ही जबड्यांच्या ऑपरेशनमध्ये रक्त जातं. कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या आत्तापासून सुरू कर. आदल्या आठवड्यात सुरू करून काही उपयोग नाही. खालच्या अक्कलदाढा शिल्लक असतील तर त्यांचं काय करायचं ते विचार. पुष्कळ सर्जनना त्या सहा महिने आधी काढलेल्या हव्या असतात. चालू असलेली प्रत्येक गोळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांग. त्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आल्या, काढे-चूर्णं आली, डोकेदुखीची अधूनमधून घेतलेली गोळीही आली. हे उत्तर इतरही वाचणार म्हणून लिहिते: मिश्री, तंबाखू, सिगारेट, गुटखा यांतलं काहीही असेल तर निदान चार आठवडे आधी बंद करायचं आणि हाड जुळेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका तिला व्यसन समजत नाहीत, त्यामुळे विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. जखम मात्र चिघळते. आणि ऑपरेशनआधी वजन कमी करायच्या फंदात पडू नकोस. नंतर पुष्कळांचं तीन-चार किलो उतरतंच. चांगली खाऊन-पिऊन जा.

क्लासमधून किमान चार आठवडे रजा घे. ऑफिसात बसून काम करणारे कधी दोन-तीन आठवड्यांत परत जातात, पण तुला तासन्‌तास बोलायचं असतं. पहिल्या दिवसांत जबडा लवकर थकतो, लाळ सुटते, ‘प’ आणि ‘ब’ ओठांतून निसटतात. ‘स’ आणि ‘श’सुद्धा आपोआप सुधारतील असं नाही. जिभेला जुन्या जबड्याची सवय असते. काहींना वाचा-उपचाराची मदत घ्यावी लागते, ती घ्यायला संकोच करू नकोस.

रुग्णालयात तू साधारण दोन ते चार दिवस राहशील. शुद्धीवर येशील तेव्हा नाक चोंदलेलं असेल आणि घसा दुखेल, कारण श्वासाची नळी नाकातून घातलेली असते. श्वास घेता येत नाही असं वाटेल. त्या वेळी घाबरायचं नाही, तोंडाने हळूहळू श्वास घ्यायचा, सिस्टर शेजारीच असतात. पोटात गेलेलं रक्त काळपट उलटीतून बाहेर पडू शकतं. कुशीवर वळायचं, ते दातांच्या फटींतून आणि गालांच्या बाजूने निघून जातं. पेशंट आणि आई दोघींनाही सगळ्यात जास्त भीती या उलटीची वाटते, म्हणून आधीच सांगून ठेवते. रबरं घट्ट असतील तर ती कापायची छोटी कात्री उशाशी असावी आणि कुठलं रबर कापायचं ते घरी सोडण्याआधी सिस्टरकडून आईने शिकून घ्यावं. बोलणं जड जाईल, तेव्हा वही-पेन जवळ ठेव. मोबाइलवर टाइप करायला हात थरथरतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. शिकलेल्या-सवरलेल्या घरांनासुद्धा हे ठाऊक नसतं. पहिल्या दिवशी चेहरा बरा दिसला आणि तिसऱ्या दिवशी डोळे बारीक झाले, की ऑपरेशन बिघडलं असं आया समजतात. तसं नसतं. पहिले दोन दिवस बर्फाचा शेक, पाठीशी दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपणं आणि जमेल तितकं चालणं, यांनी सूज लवकर उतरते. गालावरचं निळं-पिवळं मानेपर्यंत ओघळतं, तेही आपोआप जातं. वरचा जबडा हलवलेला असल्यामुळे नाकातून थोडं रक्त काही दिवस येत राहील. पण नाक शिंकरायचं नाही, निदान दोन आठवडे, आणि डॉक्टर म्हणाले तर त्याहूनही जास्त. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

आता जेवण. तू विचारलंस खायचं काय, तर आपल्या स्वयंपाकघरात यासाठी जितकं आहे तितकं क्वचित कुठे असेल. मुगाचं कढण, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, नाचणीसत्त्व, घट्टसर ताक, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं वरण, दुधी-भोपळ्याचं सार. तुम्ही मांसाहारी असाल तर अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. पण तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, नुसत्या पातळ पाण्यावर हाड जुळत नाही, प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या मुलीने दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत पोहोचायचा प्रयत्न करावा. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. म्हणजे नुसती पेज पीत राहिलीस तर पोट भरेल, पण अंगी काही लागणार नाही. दुधात दुधाची पावडर मिसळ. उकडलेलं अंडं वरणात घालून मिक्सरमधून काढ आणि गाळ. कच्चं अंडं घेऊ नकोस. अळणीचा नुसता रस्सा पिऊन भागत नाही, शिजलेलं मटणही वाटून त्यात उतरव. प्रत्येक वाटीत चमचाभर तूप घाल, म्हणजे थोडक्या घोटांत ताकद मिळेल.

दुसरी गोष्ट फोडणीची. मोहरी, जिरं, तीळ, कढीपत्त्याचा तुकडा, मिरचीचं बी, कोथिंबिरीचं पान यांतलं काहीही टाक्यांत अडकतं आणि तिथे कुजतं. पहिले तीन आठवडे तुझं जेवण फोडणीशिवाय व्हावं किंवा फोडणी घालून गाळलेलं असावं. एक बारीक जाळीची गाळणी फक्त तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवायला आईला सांग. तिसरी गोष्ट गरमपणाची. ओठ आणि हनुवटी बधिर असल्याने भाजलेलं कळत नाही. प्रत्येक वाटी आधी मनगटावर थेंब टाकून बघायची.

मोठी सिरिंज आणि तिला जोडायची मऊ नळी रुग्णालयातूनच दोन-तीन जास्त मागून घे. नळी गालाच्या आत, मागच्या दाढांपर्यंत सरकवायची आणि थोडं थोडं सोडायचं. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय स्ट्रॉने ओढायचं नाही. दर दोन तासांनी थोडं घ्यायचं. भूक लागायची वाट बघितलीस तर दिवसाकाठी निम्मंही पोटात जाणार नाही. प्रत्येक वेळी पाण्याने चूळ, दिवसातून ठरल्याप्रमाणे औषधी गुळण्या आणि लहान बाळाचा मऊ ब्रश. दात घासायला भीती वाटेल, तरी घास. माझ्या पाहण्यात घाण राहिलेलं तोंडच जखम बिघडवतं.

दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर परवानगी देतील तेव्हा मऊ खाणं सुरू होईल. गुरगुट्या भात-वरण, कुस्करलेलं केळं, सांबारात विरघळलेली इडली, असं जिभेने टाळूवर दाबून गिळता येईल इतकं मऊ. दातांनी चावणं साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही हळूहळू. दूध-पोळी आधी, भाकरी अगदी शेवटी, अडीच-तीन महिन्यांनी. डिसेंबरचं ऑपरेशन म्हणजे हुरड्याचे दिवस आणि संक्रांत दोन्ही याच काळात येणार. तिळगूळ हातात घे, कपाळाला लाव आणि ठेवून दे. एक वडी चावून काय होतंय, असं कुणीतरी म्हणेलच. हाड जुळत असताना जोराने दाबलं तर प्लेट सैल होऊ शकते.

रबरांबद्दल इथेच सांगते. सूज उतरली, खाणं सुरू झालं, की पेशंट रबरं लावायचा कंटाळा करतात. स्नायू मात्र जबड्याला जुन्या जागी ओढत असतात. सांगितलेले सगळे तास रबरं लावायची. तोंड उघडायचे व्यायाम सांगतील तेही नेमाने करायचे. दोन बोटं उभी शिरतात, मग तीन, असं मोजत जायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुला फार उदास वाटेल. औषधं बदललेली असतात, पोट भरलेलं नसतं, चेहरा ओळखीचा वाटत नाही आणि भेटायला येणारे ‘किती सुजलंय गं’ म्हणून जातात. हसतमुख मुलीसुद्धा त्या दिवसांत ‘का केलं मी हे?’ म्हणून रडलेल्या मी पाहिल्यात. हे येतं आणि जातं. जेवण वाढलं, बाहेर चालायला गेलीस, की मन वर येतं. ते महिनाभरानंतरही तसंच राहिलं, झोप लागेनाशी झाली, तर डॉक्टरांना सांग आणि समुपदेशकाला भेट. पाहुण्यांना मात्र पहिले तीन आठवडे येऊ नका असं बाबांनीच फोनवर सांगावं. आईला ते जमणार नाही.

ओठाचं खरं उत्तर देते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्याच हाडाच्या आतून जाते, म्हणून सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांनाच बधिरपणा येतो. तो आठवड्यांनी, महिन्यांनी ओसरतो. मुंग्या येणं, बारीक झटके बसणं, खाज सुटणं, ही नस जागी होत असल्याची चांगली लक्षणं. सुधारणा वर्षभर चालू राहते. तरीही काही जणांच्या हनुवटीवर किंवा ओठावर थोडी जागा कायमची बधिर राहते. हा धोका आहे, तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रात तो लिहिलेला असेल, वाचून मगच सही कर. ही नस संवेदनेची आहे, ओठ हलवणाऱ्या नसा वेगळ्या. म्हणून ओठ बधिर असला तरी हसू वाकडं होत नाही. तोवर हनुवटीवर वरण सांडलेलं कळणार नाही, समोर छोटा आरसा आणि रुमाल ठेव.

फेब्रुवारीचं स्थळ पुढे ढकल. त्या वेळी ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झालेले असतील. थोडी सूज शिल्लक असेल, बोलताना थकशील, तोंडात रबरं असतील आणि तारा तर त्यानंतरही सहा महिने ते वर्षभर राहतील. स्वतःच्या नव्या चेहऱ्याची ओळख तुलाच झालेली नसताना तो दुसऱ्यांसमोर नेऊन बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांना सांग, पावसाळ्यानंतर बघू. आणि स्थळाकडून ऑपरेशन लपवायचंही काही कारण नाही. तुझ्या पत्रात तू भाकरी तोडता येत नाही आणि ‘स’ उमटत नाही हे आधी लिहिलंस, लग्नाचं शेवटी. म्हणून मला वाटतं, तू हे स्वतःसाठी करते आहेस. तसं असेल तर खुशाल कर. घरच्यांसाठी करत असशील, तर तारीख पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

तू तूच दिसशील. डोळे, कपाळ, भुवया, हसण्याची लकब यांना कुणी हात लावत नाही. ओठांची ठेवण, हनुवटी आणि नाकाचा खालचा भाग बदलतो. नाकपुड्या कधी किंचित रुंद होतात, त्याबद्दल आधी विचार. पहिले तीन आठवडे आरशात दिसेल तो सुजलेला चेहरा, त्यावरून काही ठरवू नकोस. तीन महिन्यांनी बरंच रूप येतं, पूर्ण बसायला सहा महिने ते वर्ष लागतं.

पैशांबद्दल थोडं. विमा कंपन्या हे ऑपरेशन सौंदर्याचं किंवा दातांचं म्हणून अनेकदा नाकारतात. चावता न येणं, बोलण्यातला दोष, जबड्याच्या सांध्याचं दुखणं अशी कारणं नमूद केलेलं डॉक्टरांचं पत्र जोडून आधीच लेखी विचारणा करा, फोनवरच्या होकारावर राहू नका. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात मुख-जबडा शस्त्रक्रिया विभागात चौकशी करावी.

आईला पुढच्या तपासणीला बरोबर ने. बाहेर बसवू नकोस, आत ने. प्रश्न तिलाच विचारू दे. कागदावर लिहून नेलेत तर बरं: तोंड किती दिवस बांधणार, घरी सोडताना सिरिंजने कसं भरवायचं ते कोण शिकवणार, रात्री काही झालं तर कुठला नंबर लावायचा. श्वास अडकला किंवा रक्त थांबेना, तर फोन करत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. पहिल्या आठवड्यानंतर एकाच बाजूची सूज पुन्हा वाढली, ताप आला, तोंडाला पूची चव आली, किंवा काल बसत होते ते दात आज अचानक बसेनासे झाले, तर त्याच दिवशी फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. हा नंबर आईच्या, बाबांच्या आणि शेजारच्या एखाद्या गाडी असलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये ऑपरेशनआधीच टाकून ठेवा. मिरजेहून पुणे रात्रीच्या वेळी जवळ नाही, म्हणून तातडीच्या प्रसंगी मिरज-सांगलीतच कुठे जायचं आणि तिथल्या कुठल्या डॉक्टरांशी बोलून ठेवायचं, हेही तुझ्या सर्जनलाच विचार.